जुन्या साड्या-चादरींची लांबच लांब पट्टी, मधे न तोडता कशी कापायची?

दिग्रसची_सून:
नमस्कार मंडळी. गटातल्या आम्ही चारपाच जणी यंदा चिंध्यांच्या सतरंज्या विणायचं म्हणतोय, कापूस वेचणी आटोपली की मार्चपासून मृगापर्यंत तसंही हाताला काम नसतं. माग वगैरे काही नाही, जुन्या लाकडी बाजेची चौकट आहे, तिच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या इंचावर खिळे ठोकलेत आणि जाड सुती दोऱ्याचा ताणा, म्हणजे उभे दोरे, भरलाय. प्रश्न बाण्याचा, म्हणजे त्यातून आडव्या घालायच्या पट्टीचा आहे. कापडं बरीच जमा झालीत, पाचवारी सुती साड्या, सासूबाईंची नऊवारी लुगडी, पलंगावरच्या चादरी, पोरांचे टीशर्ट, दोनतीन जीन्स, आणि कोणीच घेत नाही अशा चकचकीत सिंथेटिक साड्या. सध्या साडी आडवी फाडून फाडून हातभर लांबीच्या पट्ट्या निघतात, त्या गाठी मारून जोडतोय, आणि विणल्यावर त्या गाठी तळव्याला खड्यासारख्या टोचतात. माझी जाऊ म्हणते एका अख्ख्या कापडाची सलग एकच पट्टी काढता येते, तिनं मोबाइलवर पाहिलंय पण तिला नीट सांगता येईना. कोणाला जमतं का? शिलाई मशीन एक आहे गटात.

सुईदोरा_पुणे:
येतं की. सोपी पद्धत म्हणजे नागमोडी कापणी. कापड जमिनीवर सरळ पसरायचं, एका कडेपासून दीड इंच रुंदीवर कापत जायचं आणि समोरची कड यायच्या आधी दीड इंचावर थांबायचं. मग दीड इंच सोडून समोरच्या कडेकडून कापत यायचं, अलीकडची कड यायच्या आधी थांबायचं. असं एकदा इकडून एकदा तिकडून. उचललं की सगळी पट्टी एकसंध निघते. वळणाच्या जागी चौकोनी कोपरा राहतो, त्याचं टोक कैचीनं गोल करून टाका म्हणजे विणीतून बाहेर कान काढत नाही. थांबताना मात्र फार कडेपर्यंत जाऊ नका, वळणावर पट्टीपेक्षा कमी कापड राहिलं तर ओढताना तिथंच तुटणार.

बिनकामाचा_बाळू:
म्हणजे साडीचा साप करायचा. बरं बरं चालू द्या.

गणिताचा_मास्तर:
आधी हिशोब करू, हसू नका कोणी. पट्टी एकूण किती लांब निघणार हे कापायच्या पद्धतीवर नाहीच मुळी, कापडाचं क्षेत्रफळ भागिले पट्टीची रुंदी, संपलं. साडी साडेपाच मीटर म्हणजे अंदाजे २१६ इंच, पन्हा म्हणजे रुंदी ४५ इंच, पट्टी दीड इंचाची. २१६ गुणिले ४५ भागिले दीड म्हणजे ६४८० इंच, १६४ मीटरच्या थोडं वर. काठ काढून टाकले तर त्यातून तेवढं वजा. पण कोपरे किती येणार हे मात्र पूर्णपणे तुम्ही कोणत्या दिशेनं कापता त्यावर आहे. ताईंनी पन्ह्याच्या दिशेनं, म्हणजे आडवी नागमोडी कापली तर १४४ पट्ट्या आणि १४३ कोपरे. तीच साडी लांबीच्या दिशेनं कापली तर ३० पट्ट्या आणि फक्त २९ कोपरे, आणि दोन कोपऱ्यांच्या मधे साडेपाच मीटर सलग सरळ पट्टी. कापड तेच, पट्टी तेवढीच, नुसती कैची ९० अंशात फिरवायची.

दिग्रसची_सून:
मास्तर हे डोक्यातच आलं नव्हतं, आडवी साडी मांडीवर घेऊन फाडायला सोपी जाते म्हणून सगळ्या तसंच करतो. पण लांबीच्या दिशेनं म्हणजे साडेपाच मीटर कैची चालवायची? हात राहील का?

पऱ्हाटी:
कैची कायले पाह्यजे वो बाई. सुती साडी हाये ना, फाडायची. काठापासून दीड इंचावर कैचीनं बोटभर चीर द्यायची, दोघीनं दोन टोकं धरायची अन् ओढायचं, सूत धरून सरळ फाटत जाते, पट्टी वाकडी होऊच शकत नाही. कैचीनं मानूस वाकडं कापन पन फाडलेलं वाकडं जात नाही. शेवटाले गेलं की मात्र हात आवरा, जोरात ओढलं तं आरपार फाटून मोकयं होते. म्हनून शेवटचं वीतभर राहिलं की थांबायचं अन् तिथून पुढं कैचीनं कापायचं, दीड इंच सोडून. मंग दुसऱ्या टोकाकून तसंच. आंगनात बसून करजा, घरात नोको, इतका भुसा उडते की नाकातोंडात जाते. तोंडाले दुपट्टा बांधून घ्या. अन् फाडल्यावर कडीनं लांब लांब धागे लोंबतात ते तोडून टाका, नाही तं गोया करताना गुतागुत होते. आमच्या इकडं वाकयीले अस्तर कराले बी लुगडं असंच फाडतो.

सुईदोरा_पुणे:
मावशींचं बरोबर आहे, साध्या विणीच्या सुती कापडाला फाडणं कधीही चांगलं. फक्त जरीकाठ आधी वेगळा काढा, काठ जाड असतो, पट्टीत आला तर सतरंजी तेवढ्या जागी फुगते. पदर पण वेगळा, तिथं वीण घट्ट असते. आणि टीशर्ट फाडायच्या भानगडीत पडू नका, ते स्वेटरसारखं फाशांनी विणलेलं कापड आहे, फाटत नाही नुसतं ताणलं जातं.

वर्ध्याचा_टेलर:
नागमोडीच्या कोपऱ्यांपेक्षा माझ्याकडं बरी युक्ती आहे, मशीन आहे म्हणालात म्हणून सांगतो. साडीची दोन्ही आडवी टोकं, म्हणजे पदर काढून टाकल्यावरचं टोक आणि खोचायचं टोक, एकमेकांना जोडून शिवून टाका, साडीची मोठी गोल नळी होईल. पण जोडताना सरळ काठाला काठ जुळवायचा नाही. एक बाजू बरोबर एका पट्टीएवढी, म्हणजे दीड इंच, वर सरकवून शिवायची. एका कडेला दीड इंचाचं कापड मोकळं लोंबेल, दुसऱ्या कडेला पण तसंच. तिथून फाडायला सुरुवात करा. सुताच्या रेषेनं फाडत साडीभर फिरून शिवणीपाशी आलात की फाडलेली रेषा आपोआप पुढच्या पट्टीवर चढलेली असते, कारण तुम्ही तेवढं सरकवून शिवलंय. शिवणीपाशी फाडणं अडतं तिथं कैचीनं एक छोटी चीर द्या आणि पुढं चालू. शेवटपर्यंत एकच पट्टी, कोपरा एकही नाही. जिथं कोपरे असते तिथं बारीक सपाट शिवण येते, ती विणीत दिसत नाही. शिवण बारीक टाक्याची घ्या आणि सुरुवातीला-शेवटी उलट शिलाई नको, कारण ती शिवण ठिकठिकाणी कापली जाणार आहे, लांब टाका घातला तर उसवेल.

गणिताचा_मास्तर:
वा. म्हणजे २९ कोपऱ्यांच्या जागी ४५ इंचाची एक शिवण. हे मी वहीत उतरवून घेतो, आठवीच्या पोरांना दंडगोल शिकवायला कामी येईल.

दिग्रसची_सून:
टेलर भाऊ, वर सरकवायचं की खाली? आणि चादरीला पण हेच चालेल का?

वर्ध्याचा_टेलर:
वर सरकवा की खाली, काही फरक नाही, फक्त सरकवणं पट्टीच्या रुंदीएवढंच हवं. पट्टी सव्वा इंच काढायची असेल तर सव्वा इंच सरकवा. चादरीला मस्त चालतं, ६० बाय ९० ची चादर असेल तर ९० ची बाजू वेढ्याच्या दिशेला ठेवा, म्हणजे ६० इंची टोकं एकमेकांना जोडा. दीड इंची पट्टी काढली तर ९१ मीटरच्या आसपास निघेल. शिवलेली लुंगी असेल तर तिची शिवण उसवून सरकवून परत शिवा. दांड भरलेलं, म्हणजे झिजलेला भाग काढून परत जोडलेलं लुगडं आहे का तुमच्याकडं? त्याला मधे आधीच एक शिवण असते, तिथं पण फाडणं अडेल, कैचीनं सोडवून घ्या.

पऱ्हाटी:
मशीन बिशीन काही नोको. एवढाली उस्तवार कोन करते. कोपरा गोल करून टाका, विनल्यावर पंजानं, म्हंजे बाना ठोकाच्या फनीनं, ठोकलं की कुठंच दिसत नाही.

वर्ध्याचा_टेलर:
मावशी तुम्ही म्हणता ते बायको पण म्हणते. पण विकायला काढणार असतील तर गिऱ्हाईक उलटं करून बघतं हो.

कोष्ट्याचा_नातू:
पवनीचा आहे, आमच्या घरी आजोबांपर्यंत खड्डा-माग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग, होता म्हणून थोडं बोलतो. सलग पट्टीच्या मागे तुम्ही सगळे जरा जास्तच लागलाय असं मला वाटतं. क्रोशाचा गोल पायपुसणा करायचा असेल तर १६० मीटरची एक गोळी कामाची, तिथं गोळी बाजूला पडून राहते आणि सुईनं ओढत जाता येतं. पण विणताना काय होतं, बाणा ताण्याच्या दोऱ्यांमधून दर ओळीला इकडून तिकडे न्यायचा असतो. तुमच्या बाजेच्या चौकटीत दोऱ्यांमधली जागा केवढी उघडणार, जेमतेम हात जाईल एवढी. त्यातून खोबऱ्याएवढी गोळी नेणार कशी? तिथं धोटा लागतो, धोटा म्हणजे तुमच्यासाठी हातभर लांबीची चपटी बांबूची पट्टी, दोन्ही टोकांना खाच. तिच्यावर आठदहा मीटर पट्टी बसते, त्याहून जास्त गुंडाळली तर फुगते आणि अडते. म्हणजे तुम्ही सलग पट्टी काढली तरी धोटा भरताना ती कापावीच लागणार. दोन फूट रुंदीच्या सतरंजीला साडेपाच मीटरची पट्टी सातआठ ओळींत संपते. सातआठ ओळींना एक जोड आला तर त्यात काय बिघडलं, फक्त गाठ मारू नका.

दिग्रसची_सून:
मग गाठ नाही तर काय?

कोष्ट्याचा_नातू:
संपत आलेल्या पट्टीचं शेवटचं चार बोटं टोक कैचीनं तिरकं कापत निमुळतं करा. नवीन पट्टीचं सुरुवातीचं टोक पण तसंच निमुळतं. दोन्ही निमुळती टोकं एकाच ओळीत एकावर एक ठेवायची आणि पंजानं ठोकायचं. दोन अर्ध्या जाडीच्या पट्ट्या मिळून एक पूर्ण जाडी होते, फुगवटा नाही, शिवण नाही, गाठ नाही. घासाघासीनं ताणा ती धरून ठेवतो, सुटत नाही. फक्त हा जोड कडेला येऊ देऊ नका, कडेला आला की वळणावर टोक बाहेर निघतं, सतरंजीच्या मधल्या भागात घ्या, आणि दर जोड वेगळ्या जागी, नाही तर एका रेषेत जोड येतात आणि तिथं सतरंजी लवकर झिजते.

सुईदोरा_पुणे:
आणि गाठ न मारता दुसरा एक जोड आहे. दोन्ही टोकांना बोटभर आत एकेक उभी चीर द्यायची. नव्या पट्टीचं चीर दिलेलं टोक जुन्या पट्टीच्या चिरेतून आत घालायचं, मग नव्या पट्टीचं दुसरं टोक तिच्याच चिरेतून ओढून काढायचं. घट्ट बसतं. क्रोशाला हाच वापरतात. विणीत मात्र छोटा गोळा राहतो, कोष्टी भाऊंची पद्धत सपाट आहे.

बिनकामाचा_बाळू:
एक विचारतो, मस्करी नाही. आमच्या घरी चाळीसेक टीशर्ट आहेत, निवडणुकीचे. पक्ष सगळ्या रंगांचे. त्यांचं काय?

वर्ध्याचा_टेलर:
सर्वपक्षीय सतरंजी होईल, घ्या बसा सगळे वरती. टीशर्ट खालची पट्टी कापून टाका, वर काखेच्या खाली सरळ आडवा कापा, राहिली गोल नळी. समोर छापलेला रबरी फोटो असेल तर तेवढा भाग कडक होतो, ती पट्टी वळत नाही. आता नळी आडवी अशी घडी घाला की एक बगल दुसऱ्या बगलेच्या दीड इंच अलीकडे थांबेल. घडीच्या बाजूनं एक-एक इंचावर कापत जा, सगळे पदर कापा, पण तो दीड इंच मोकळा राहिलेला भाग कापू नका. उघडलं की मधे एक कणा आणि त्याला दोन्हीकडं फासळ्यांसारखे वेढे दिसतील. त्या कण्यावर तिरकं कापायचं, पहिल्या चिरेपासून कडेला बाहेर, मग इकडच्या दुसऱ्या चिरेपासून तिकडच्या पहिल्या चिरेला, असं एक घर सोडून तिरकं. सरळ समोरासमोर कापलं तर सुट्या रबरबँडा निघतील, तेवढं सांभाळा. नंतर हातभर हातभर धरून जरा ओढा, पट्टीच्या कडा आत वळून ती दोरीसारखी गोल होते.

पऱ्हाटी:
एवढं घडीबिडी नोको. पाटावर चढवा टीशर्ट, खालून तिरकी सुरुवात करा अन् पाट फिरवत फिरवत कापत जा.

गणिताचा_मास्तर:
नळी सपाट ठेवून २० इंच रुंद आणि १६ इंच लांब असेल तर घेर ४० इंच, १६ वेढे, ६४० इंच म्हणजे सोळा मीटरच्या वर. ताणल्यावर आणखी वाढेल. चाळीस टीशर्टांची साडेसहाशे मीटर पट्टी होते बाळूभाऊ, लोकशाहीचा एवढा तरी उपयोग.

दिग्रसची_सून:
जीन्सचं? आणि पट्टी सगळ्याच कापडाला दीड इंचच का?

कोष्ट्याचा_नातू:
नाही, हे महत्त्वाचं राहिलं होतं. रुंदी सारखी ठेवायची नाही, जाडी सारखी ठेवायची. पट्टी पिळून बघा, पिळल्यावर सगळ्या पट्ट्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या पाहिजेत. पातळ मलमलीसारखी साडी असेल तर दोन-अडीच इंच घ्या, नेहमीच्या चादरीला दीड, टीशर्टला एक, जीन्सला अर्धा ते पाऊण. एकाच सतरंजीत जाड-पातळ मिसळलं की एकीकडून फुगते आणि चौकोनी राहत नाही. आणि ओळ भरताना बाणा ताणून सरळ ओढू नका, कमानीसारखा सैल टाका आणि मग पंजानं खाली ठोका. ताणून टाकला तर सतरंजी मधे आखडत जाते, खाली दोन फूट आणि वर दीड.

वर्ध्याचा_टेलर:
जीन्सच्या पायाला टीशर्टसारखं गोल कापू नका, बाजूच्या शिवणी फार जाड असतात, दर वेढ्याला गोळा येईल. शिवणी आधी कापून फेका, मग जे दोन सपाट तुकडे राहतात त्यांच्या उभ्या पट्ट्या काढा. कैचीला आधी धार लावून घ्या, जीन्सवर बोथट कैची म्हणजे अंगठ्याला फोड. आणि सगळंच कापड कापायच्या आधी धुवून वाळवून घ्या. खळ निघून जाते, सुती कापड आटायचं ते आधीच आटतं. लाल आणि गडद निळ्याचा रंग जातो का बघायला ओलं करून पांढऱ्या कापडावर इस्त्री दाबा, डाग उमटला तर ते कापड पांढऱ्यासोबत घेऊ नका.

दिग्रसची_सून:
सिंथेटिक साड्यांचं विचारायचं राहिलं.

पऱ्हाटी:
त्या फाटत नाहीत, अन् हातातून सरकतात. सापावानी.

सुईदोरा_पुणे:
त्या कैचीनं नागमोडीच कापा, लांबीच्या दिशेनं. पण सुती आणि सिंथेटिक एका सतरंजीत नको, सुती धुतल्यावर थोडं आटतं, सिंथेटिक आटत नाही, मग सतरंजीला लाटा येतात. सिंथेटिकची वेगळी करा, दारातल्या पायपुसण्याला. पाणी कमी पितं, लवकर वाळतं.

दिग्रसची_सून:
खरंच, पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचा चिखल पायपुसण्याला असा बसतो की सुती पुसणं तीन दिवस ओलंच राहतं. तिथं हे बरं पडेल.

हेलसिंकीची_नागपूरकर:
खूप दिवसांनी इथं लिहितेय, मी मूळची उमरेडची. इकडं फिनलंडमध्ये चिंध्यांच्या अशा सतरंज्या घरोघरी असतात, उन्हाळ्यात लोक समुद्राकाठच्या लाकडी धक्क्यांवर नेऊन पाइनच्या साबणानं घासून धुतात आणि तिथंच दांड्यांवर वाळत टाकतात. दुकानात विणकामासाठी तयार पट्टीचे मोठे गोळे पण मिळतात, कापड गिरण्यांमधल्या कतरनीचे. आणि जपानच्या उत्तर भागात थंडीमुळे कापूस पिकायचाच नाही, म्हणून तिथले लोक जुनी कापडं बारीक फाडून साकीओरी विणायचे, तिथल्या पट्ट्या सेंटीमीटरभर रुंदीच्या असतात, आपल्यापेक्षा खूप बारीक, कारण ते सतरंजी नाही तर अंगावर घालायचं कापड करायचे.

पऱ्हाटी:
पाहा बापा. त्याईले कापूस नव्हता म्हनून चिंधी जपली, आपल्याकडं कापसाचे ढीग असून बी लुगडं दांड भरून भरून नेसलं.

बिनकामाचा_बाळू:
मावशी, भाव मिळाला असता तर नवीन घेतलं असतं.

पऱ्हाटी:
हाव ना.

कोष्ट्याचा_नातू:
वर्ध्याला जाणं झालं तर मगन संग्रहालय बघून या ताई, १९३८ पासूनचं आहे, चरखे आणि विणकामाची साधनं तिथं पाहायला मिळतात. धोटा हातात धरून बघितला की बांबूचा कसा करायचा ते कळेल.

दिग्रसची_सून:
नक्की. परवा एक जुनी साडी टेलर भाऊंच्या पद्धतीनं शिवली, दीड इंच सरकवून, आणि फाडायला घेतली. पहिले आठदहा वेढे सुरेख गेले. मग निऱ्यांच्या खालचा भाग आला, तो कापडच झिरझिरीत झालंय, तिथं फाडताना सूत सोडून आडवं फाटतं. कसं करावं?

वर्ध्याचा_टेलर:
साडी तिथंच झिजते, पायात येणारा भाग. फाडायच्या आधी साडी उन्हाकडं धरून बघायची, जिथून उजेड जास्त दिसतो तो भाग खडूनं आखायचा आणि शिवायच्या आधीच काढून टाकायचा. आता अर्धी फाडून झालीच आहे तर झिरझिरीत जागेच्या अलीकडं पट्टी तोडा, पलीकडून परत सुरू करा, विणताना कोष्टी भाऊंचा निमुळता जोड घ्या.

कोष्ट्याचा_नातू:
किंवा तेवढ्या भागात पट्टी दुप्पट रुंद ठेवा, कैचीनं कापा, फाडू नका. दीड इंचाची तीन करा. विणताना दोन बोटांनी पिळत पिळत टाका म्हणजे जोर येतो.

पऱ्हाटी:
अन् काठ फेकू नोको. सुती काठाचा गोया येगया ठेव, पुढच्या वेचनीले ओटी बांधाले कामी येईन, तो तुटत नाही लवकर. जरीचा असन तं ज्याईले पाह्यजे त्याईले दे.

दिग्रसची_सून:
ठेवलेत मावशी. आता वजन किती धरायचं तेवढं सांगा कोणी, दोन बाय तीन फुटाला?

कोष्ट्याचा_नातू:
किलोच्या आसपास, घट्ट ठोकली तर वर जाईल. पहिली झाली की काट्यावर ठेवून घ्या आणि पुढच्या वेळी तेवढ्याच पट्ट्या मोजून एका रंगसंगतीच्या बाजूला काढा, नाही तर शेवटच्या वीतभरासाठी हिरवा संपतो.